गणपतीला गावी, आठ महिन्यांची लेक, आणि तिथे कचरागाडी येत नाही. बाळाच्या पिशवीत काय भरू?

पारिजात_पुणे

नमस्कार. लेक आठ महिन्यांची आहे. यंदा तिला घेऊन पहिल्यांदाच गणपतीला सासरी जाणार, गुहागर तालुक्यात. स्वारगेटहून पहाटेची एसटी, सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि तिथून पुढे. सणाच्या गर्दीत सात-आठ तास धरूनच चाललोय. मुक्काम गौरी-गणपती विसर्जनापर्यंत.

पुण्यात घरी दिवसा कापडी लंगोट असतात, रात्री आणि बाहेर जाताना डायपर. इथे सोपं वाटतं, कारण कचरा वेळेवर उचलला जातो. गावी काय करतात म्हणून मी चुलत जाऊबाईंना फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, "मागे खड्डा आहे. सुकलं की पेटवतो. पावसात कुठलं सुकतंय, तसंच राहतं." त्या घराला विहीर आहे, आम्ही सगळे त्याच विहिरीचं पाणी पितो. ते ऐकल्यापासून मला चैन नाही. माझ्या मुलीचा एकही डायपर त्या खड्ड्यात जाऊ नये असं मनापासून वाटतं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एसटीत खांद्याला जी पिशवी असेल तिच्यात नेमकं काय आणि किती ठेवू? आणि भाद्रपदातल्या पावसात लंगोट वाळवायचे कसे? घरात वीस-पंचवीस माणसं, दोऱ्या आधीच भरलेल्या, शिवाय सोवळं. सासूबाई समजून घेणाऱ्या आहेत, पण सणात त्यांच्यावर आणखी भार नको.

ऑनलाइन 'पर्यावरणपूरक' म्हणून तयार संच दिसतात: पिशवी, बांबूचे वाइप्स, बांबूचे डायपर, चटई. किमती बघून दडपायला होतं. त्यातलं खरंच काही लागतं का?

ठाणेकरीण

आम्ही मागच्या वर्षी बांबूचे डायपर घेऊन गेलो होतो. मऊ असतात, पुरळ आलं नाही. पाकिटावर विघटनशील लिहिलेलं होतं, त्यामुळे गावी पुरून टाकले. प्रवासात धुण्याची कटकट नाही. थोडे महाग पडतात, पण वर्षातून एकदा चालतं. वाइप्स मात्र भरपूर घे, एसटीत पाणी नसतं.

माडाखालची

पारिजात, तू येणार त्याच तालुक्यात मी राहते. घरी शिवणकाम करते. झबली, टोपडी, दुपटी, लंगोट असं आम्ही बचत गटातून शिवून विकतो. माझा मुलगा दोन वर्षांचा आहे. म्हणजे तुझ्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू माझ्या घरच्याच आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

गौरी-गणपती झाले आणि चाकरमानी परतले की आमच्या वाडीमागच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, काय अडकलेलं असतं ते मी दर वर्षी बघते. डायपर पाण्यात पडला की फुगतो, मग फाटतो आणि आतलं जेल गवताला चिकटून राहतं. पेटवला तर वरचं प्लास्टिक जळून जातं आणि आतला ओला लगदा धुमसत बसतो. त्या धुरात शेजारची म्हातारी माणसं आणि पोरं असतात. खड्ड्यात टाकला तर कुत्री उकरून अंगणात आणतात. आणि आपल्याकडे सगळा जांभा. त्यातून पाणी झिरपायला वेळ लागत नाही आणि विहीर उताराला असते. तुला चैन नाही हे अगदी बरोबर आहे. ते वाटणं सोडू नकोस.

ठाणेकरीण ताई, तुमच्या बाळाला पुरळ आलं नाही हे चांगलंच झालं. पण बांबूच्या बहुतेक डायपरमध्ये बांबूपासून काढलेला धागा फक्त अंगाला लागणाऱ्या थरात असतो. पाणी शोषणारं जेल, इलॅस्टिक, चिकटपट्ट्या हे इतर डायपरसारखंच. आणि पाकिटावर विघटनशील लिहिलेलं असलं तरी ते बहुतेक वेळा नीट चालवलेल्या मोठ्या खतप्रकल्पाला धरून असतं, जिथे उष्णता, हवा आणि ओल राखलेली असते. जांभा झिरपत असला तरी भर पावसात खड्ड्यात पाणी साचतं आणि हवा पोचत नाही. पुढच्या वर्षी हळद लावायला खणलं की तेच वर येतं. कृपया पुरू नका.

म्हणून पारिजात, भरताना एकच धर: पिशवीत तेच घालायचं जे तुझ्याबरोबर पुण्याला परत जाईल, किंवा बाळाच्या पोटात जाईल. बाकी सगळं त्यावरून आपोआप ठरतं.

पहिली वस्तू लंगोट नव्हे. पहिली वस्तू म्हणजे ओल्या लंगोटांची पिशवी. ती गळली की सगळा बेत फसतो आणि माणूस वैतागून पहिल्याच थांब्यावर डायपर विकत घेतो. विकत मिळते, चेन लावलेली, आतून पाणी न झिरपणाऱ्या कापडाची. पण घरात फाटका रेनकोट असेल तर त्याच्या पाठीचा भाग कापून उत्तम होते. जुन्या छत्रीचं कापड घेऊ नकोस. वरून पाऊस झेलतं, पण ओला लंगोट आत दाबला गेला की झिरपतं.

चौदा इंच रुंद आणि बत्तीस इंच लांब असा एकच तुकडा काप आणि मधे दुमड. म्हणजे तळाला शिवण येतच नाही, आणि गळती नेहमी तळाच्या शिवणीतून होते. बाजूंना आधी सुलट बाजू बाहेर ठेवून कडेला टीप, मग पिशवी उलटवून त्याच कडेला पाव इंच आत दुसरी टीप. कापडाची कड शिवणीत बंद होते. सुईच्या भोकांवरून साधी मेणबत्ती घास. तोंडाला चेन नको, तीन वेळा गुंडाळून नाडीने बांध. अशा दोन कर. एक नुसत्या शूच्या लंगोटांना, एक शीच्या. एकत्र ठेवलं की सगळेच डाग धरतात.

आता पिशवीची मांडणी. बाळाची म्हणून वेगळी पिशवी विकत घेऊ नकोस. ऑफिसला नेतेस ती पाठीवरची सॅक चालेल. एका कडेवर बाळ, दुसऱ्या हाताने एसटीचा दांडा, तेव्हा खांद्यावरून घसरणारी पिशवी नको. आत सुट्या वस्तू भरायच्या नाहीत. एका बदलाची एक पुरचुंडी बांध. एक तयार लंगोट, म्हणजे पाणी अडवणाऱ्या कव्हरमध्ये घडी घालून बसवलेलं कापड, त्यावर पुसायचे दोन सुती तुकडे, सगळं एका मोठ्या रुमालात गुंडाळलेलं. तोच रुमाल बदलताना खाली अंथरायचा. घाटात गाडी वळणं घेत असताना बाळाला मांडीवर धरून सॅकमध्ये हात घातला की एका हिसक्यात सगळं हाताशी आलं पाहिजे. अशा सहा पुरचुंड्या कर. आठ महिन्यांच्या बाळाला दर दोन-तीन तासांनी बदलायचं म्हटलं तर घरून निघाल्यापासून पोचेपर्यंत चार लागतील. दोन जास्तीच्या, कारण सणात घाटात गाडी कुठे अडकेल सांगता येत नाही.

कव्हरं मात्र सहा लागत नाहीत. नुसती शू असेल तर आतलं कापड काढून तेच कव्हर पुसून परत लावायचं. तीन कव्हरं प्रवासाला पुष्कळ झाली. उरलेल्या पुरचुंड्यांत नुसतं कापड.

वाइप्सबद्दल. वाइप कापसासारखा दिसतो, पण बऱ्याच वाइप्समध्ये पॉलिएस्टरचा धागा असतो, म्हणजे तेही प्लास्टिकच. जुन्या सुती पंचाचे किंवा धोतराचे तळहाताएवढे तुकडे कर, कडा दुमडून शिव. तीस तुकडे घे. ते कोरडेच ने. घरून ओले करून डब्यात भरले तर आपल्या हवेत संध्याकाळपर्यंत आंबूस वास येतो आणि तो वास म्हणजे बुरशीची सुरुवात. उकळून गार केलेलं पाणी अर्ध्या लिटरच्या स्टीलच्या बाटलीत घे आणि पुसायच्या वेळी तुकड्यावर ओत. चिकट शी असेल तर आधी कोरड्या तुकड्यावर खोबरेल तेलाचे दोन थेंब घालून पूस, मग पाण्याने. पाणी निम्मं लागतं. तेल छोट्या स्टीलच्या फिरकीच्या डबीत.

हात धुवायला साबणाची वडी चिरून एक तुकडा डबीत ठेव. शी काढल्यावर नुसतं सॅनिटायझर चोळून भागत नाही, मळलेल्या हातावर ते नीट काम करत नाही. थांब्यावर उतरून साबणाने हात धू. एसटीच्या मोठ्या स्थानकांवर हिरकणी कक्ष असतो, तिथे निवांत बसून बाळाला अंगावर पाजता येतं आणि बदलताही येतं. कंडक्टरला आधी सांगून ठेव की लहान बाळ आहे, पाच मिनिटं लागतील. बहुतेक जण थांबतात.

खाण्याचं. पातळ पेज किंवा खिचडी घरून करून नेऊ नकोस, तासन्‌तास कोमट राहिलेलं ओलं अन्न बाळाला देऊ नये. तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन, वाळवून, भाजून त्याचं पीठ कर. ते कोरडं पीठ डब्यात, उकळतं पाणी थर्मासमध्ये, आणि बसल्या जागी वाटीत कालव. दोन केळी ठेव, केळ्याला डबाच लागत नाही. स्टीलची वाटी, छोटा चमचा, दोन लाळेरी. घाट सुरू होण्याच्या आधी अर्धा-पाऊण तास पोटभर भरवू नकोस. कुंभार्लीच्या वळणांवर भरल्या पोटाने मोठ्यांनाही उलटी होते. एक झबलं जास्तीचं ठेव, आणि स्वतःचा एक कुडता. हा कुडता सगळ्या जणी विसरतात आणि मग उलटीच्या वासात चिपळूणपर्यंत बसतात.

एक मलमलचं दुपटं. ते पांघरूण होतं, खिडकीच्या वाऱ्याला आडोसा होतं, पाजताना पदर होतं.

आणि हो, दोन साधे डायपर ठेव. हे मी मुद्दाम लिहिते आहे. तुला ताप आला, बाळाला जुलाब झाले, गाडी रात्रभर घाटात अडकली, तर स्वतःला छळू नकोस. वापर. पण वापरलेला डायपर कागदात गुंडाळ, झाकणाच्या डब्यात ठेव आणि पुण्याला परत ने. दोन डायपर परत नेणं जमतं, चाळीस नेणं जमत नाही. फरक तिथे पडतो.

बालरोग_डॉ

वर छान लिहिलं आहे. थोडीशी भर घालतो.

टाल्कम पावडर पिशवीतून काढून टाका. ती श्वासातून आत जाते आणि ओलाव्यात गोळे होऊन कातडीला घासते. लाली दिसली तर आधी लंगोट लवकर लवकर बदला आणि दिवसातून काही वेळ बाळाला मोकळं ठेवा. लाली जांघेच्या घडीतही असेल आणि भोवती बारीक लाल ठिपके पसरलेले असतील, तर ती बहुधा बुरशी असते. मग तेल-मलमं न लावता डॉक्टरांना दाखवा. झिंक ऑक्साइडचं मलम लावणार असाल तर त्यावर पातळ सुती पट्टी ठेवा, नाहीतर ते लंगोटात मुरतं आणि कापड पाणी शोषेनासं होतं.

सणाच्या घरात कोणी ना कोणी बाळाला मध चाटवायला येतं. वर्ष पूर्ण होईपर्यंत मध नाही. मोदकाचं गोड सारणही नको. नम्रपणे पण ठामपणे सांगा.

कर्वेनगर_बाबा

आमच्याकडे पिशवी मीच भरतो, त्यामुळे उत्साहाने लिहितोय. पुरचुंडीची कल्पना आजच उचलली.

पुण्याला परत आणलेल्या डायपरचं काय करायचं, याबद्दल. २०१६ च्या घनकचरा नियमांत लिहिलेलं होतं की असा कचरा उत्पादकाने दिलेल्या पाकिटात किंवा योग्य कागदात नीट गुंडाळून द्यायचा, आणि ते पाकीट उत्पादकांनी पुरवायचं. आता तुमच्या घरातल्या पुड्यात असं पाकीट आहे का बघा. आमच्या सोसायटीत 'स्वच्छ' संस्थेच्या ताई येतात. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढतो. त्यामुळे उघडून बघायची वेळ येत नाही, कचरा वेगळा करताना हाताला लागत नाही. २०१३ साली याच कचरावेचक ताईंनी वापरलेले सॅनिटरी पॅड उत्पादक कंपन्यांना परत पाठवण्याची मोहीम काढली होती. त्यांचा मुद्दा साधा होता: तुम्ही विकता, तर गुंडाळायची सोयही तुम्हीच करा. मला त्या मोहिमेबद्दल फार आदर आहे. बाळाच्या शीला हात लावताना आपल्याला काही वाटत नाही, कारण ते आपलं बाळ आहे. त्या ताईंचं ते बाळ नाही.

पिशवीत म्हणून चार जुनी वर्तमानपत्रं आणि लाल खडू किंवा पेन ठेवा.

कोणी रेल्वेने जाणार असेल तर तेही सांगतो. डब्यात आता जैवशौचालयं आहेत. त्यात डायपर किंवा वाइप टाकला की ते तुंबतं आणि पूर्ण डब्याचा प्रवास खराब होतो.

पारिजात_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. माडाखालची, तुझं उत्तर नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याने माळ्यावरून जुना रेनकोट काढलाय.

वाळवण्याचं अजून कळत नाहीये. माझ्याकडे बांबूच्या कापडाचे जाड, शिवलेले पॅड आहेत, आठ. पुण्यातही पावसात दोन-दोन दिवस दमट राहतात. आणि धुवायचे कुठे? विहिरीवर सगळ्यांची गर्दी असते. सासूबाई म्हणाल्या रिठ्याने धू, ते नैसर्गिक असतं. ते पुरेल का?

माडाखालची

जाड पॅड पुण्यातच ठेव. शिवलेल्या पॅडचे चार-पाच थर एकमेकांना घट्ट धरून बसतात, मधल्या थराला वारा लागत नाही. आमच्याकडे भाद्रपदात ते वाळत नाहीत, कुबट होतात. तुला हवं ते एका पदरी कापड. जुनी सुती साडी, जितकी धुतलेली तितकी चांगली. सासूबाईंकडे जुनं नऊवारी असेल तर त्यांनाच माग, त्यांना आनंद होईल. पाऊण मीटरचे चौकोन काप, कडा बारीक दुमडून शिव. बदलताना घडी घालून पट्टी केली की शोषायला पॅडइतकी जाड होते, आणि धुऊन उलगडली की एका पदरी होते. पंख्याखाली रात्रीत वाळते. असे चोवीस तुकडे घे. दिवसाला आठ लागले तरी दोन दिवसांचे दोरीवर आणि एका दिवसाचे घडीत राहतात. कव्हरं एकूण पाच पुरतात.

धुण्याचं. विहिरीच्या काठावर शीचे लंगोट कधीच धुवायचे नाहीत, पऱ्यातही नाहीत. आधी शी संडासात झटक. आठ महिन्यांच्या, वरचं खाणाऱ्या बाळाची शी घट्ट असते, बरीचशी निघून येते. घट्ट होत नसेल तर कापडावर मलमलची पातळ पट्टी ठेव, ती तेवढीच उचलता येते. मग एका बादलीत खळबळून ते पाणीही संडासातच ओत. शूच्या लंगोटांचं पहिलं साधं पाणी माडाच्या आळ्यात गेलं तर हरकत नाही. त्यानंतर गरम पाणी आणि नेहमीची पावडर, निम्मीच, आणि खूप वेळा खंगाळायचं. पावडर कापडात उरली की तीच बाळाला बोचते. कपडे मऊ करायचं ते सुगंधी द्रव अजिबात नको, त्याने कापडावर थर बसतो आणि पाणी वरून ओघळून जातं.

रिठा झबल्या-टोपड्यांना छान. शीच्या लंगोटाला माझ्या मते पुरत नाही. दिसायला स्वच्छ होतं पण वास राहतो. सासूबाईंना झबली रिठ्यात धुवायला दे, त्यांचंही मन राहील.

वाळवायला पुढची पडवी मागू नकोस. तिथे पाहुणे, आरती, सोवळं. मागच्या पडवीत वळचणीखाली स्वतःची दोरी बांध, दोरी आणि दहा चिमटे पुण्याहूनच आण. पाऊस थांबून ऊन आलं की सगळं सोडून आधी लंगोट उन्हात टाक, अर्धा तास मिळाला तरी टाक. डाग उडतात, वास जातो. ऊन नसेल तेव्हा न्हाणीत पाणी तापवायच्या चुलीची ऊब असते. वर दोरी बांधायची, पण धूर लागणार नाही इतकी बाजूला. धुराचा वास कापडात बसतो आणि बाळाच्या छातीला चांगला नाही. शेवटी इस्त्री. शेवटची ओल आणि बरेचसे जंतू इस्त्रीने जातात. कव्हरांना मात्र इस्त्री लावू नकोस, आतलं पाणी अडवणारं अस्तर वितळतं. ती नुसती पुसून सावलीत टांग.

अजून एक. घरात आजेसासूबाई किंवा कोणी जुन्या बाई असतील तर त्यांना सांग, बाळाला पायांवर बसवून शी-शूला धरा. झोपेतून उठल्यावर आणि खाल्ल्यावर थोड्या वेळाने धरलं की बरीच बाळं करतात, कारण पोट भरलं की आतडं हलायला लागतं. आमच्याकडे सकाळची शी अशीच होते. त्या वयाच्या बायकांना ते हमखास जमतं आणि त्यांना सणाच्या गडबडीत बाळाजवळ बसायलाही मिळतं. दिवसाचे दोन-तीन लंगोट वाचतात.

लीड्सकर

इथे इंग्लंडात राहून वाचतोय, इथली माहिती उपयोगी पडेल म्हणून लिहितो. इथल्या पर्यावरण खात्याच्या संस्थेने २००८ साली कापडी आणि फेकायच्या लंगोटांची तुलना प्रसिद्ध केली होती. अडीच वर्षांचा हिशोब धरला तर कार्बनचा भार जवळजवळ सारखा निघाला: फेकायचे सुमारे ५५० किलो, कापडी सुमारे ५७०. हे बघून इथे बरेच जण म्हणाले, मग कापडी कशाला. पण आत वाचलं तर कारण कळतं. कापडी लंगोटांचा भार मुख्यतः धुण्या-वाळवण्याचा आहे. मशीन पूर्ण भरून लावलं, बाहेर दोरीवर वाळवलं आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळाला वापरले तर सुमारे २०० किलो कमी होतात. सगळं ड्रायरमध्ये वाळवलं तर उलट कापडींचाच भार जास्त होतो. २०२३ च्या सरकारी अहवालात कापडी लंगोटांचा भार सुमारे २५ टक्के कमी आला.

तुम्ही जुन्या साडीचे तुकडे वापरणार, म्हणजे नवं कापड बनवायचा भारही नाही. तो 'पर्यावरणपूरक' संच घेऊ नका. घरात असलेली वस्तू वापरणं हेच त्यातलं सर्वांत मोठं काम आहे.

ठाणेकरीण

माडाखालची, तुमचं वाचून मी गप्प बसू शकले नाही. यंदा आम्हीही जातोय, मंडणगडला. मुलगी आता दीड वर्षाची आहे, तिला त्याच मापाची कापडं चालतील का? आणि रेनकोटची पिशवी तुमच्या बचत गटाकडून शिवून मिळेल का?

माडाखालची

ताई, दीड वर्षाला चौकोन एक मीटरचा घ्या आणि रात्री एकात एक अशा दोन घड्या घाला. कव्हर कमरेला बटणांनी मोठं होणारं असेल तर नवीन लागणार नाही. त्या वयाला शी-शूची जाण यायला लागते, गावी उघड्या अंगणात मोकळं सोडलं तर चार दिवसांत खूप शिकते.

पिशवी आम्ही शिवून देतो, पण मंडणगडला पोचायला वेळ जाईल. तुमच्या गल्लीत सॅक-बॅगा दुरुस्त करणारा असेल, त्याच्याकडे जा. त्याच्या मशिनची सुई जाड असते, रेनकोटचं कापड तीच नीट शिवते. त्याला इतकंच सांगा: तळाला शिवण नको, बाजूंना दुहेरी टीप, आणि मेणबत्ती घासून द्या. शिवून आली की पाणी भरून रात्रभर न्हाणीत टांगून ठेवा. सकाळी खाली थेंब दिसला तर त्या जागी परत मेण घासा.

पारिजात, पोचलीस की इथे कळव. तुमची वाडी आमच्या रस्त्यावर असेल तर मी शिवलेले दोन लंगोट आणि थोडे सुती तुकडे आणून देते. चिमटे विसरू नकोस, सणात गावात एकही शिल्लक राहत नाही.